शहराच्या काठावरचा किबुत्झ : रामात राखेल आणि त्याच्या आजूबाजूचं

प्रश्न असा आहे: “आई-बाबांना घेऊन जेरुसलेमला येतोय. टूरवाल्यांनी रामात राखेल नावाच्या किबुत्झच्या हॉटेलात उतरवलंय. किबुत्झ म्हटलं की शेती, गोठे, माळरान असं डोक्यात येतं. नकाशात तर हे शहराच्या आतच दिसतं. खरंच किबुत्झ आहे की नुसतं नाव? आणि आजूबाजूला पाहण्यासारखं काय आहे?”

किबुत्झ, म्हणजे जमीन, काम आणि कमाई सामायिक ठेवून राहणाऱ्यांची वसाहत, खराच आहे, आणि नकाशाही बरोबर आहे. रामात राखेलच्या भोवती जेरुसलेम महापालिकेची हद्द आहे, पण तो स्वतः महापालिकेत नाही. त्याचा कारभार माते येहूदा प्रादेशिक परिषदेकडे, आणि त्या परिषदेची बाकीची गावं पश्चिमेच्या डोंगरउतारांवर पसरलेली. महापालिकेत समाविष्ट व्हायचं राहून गेलेलं गाव तुम्ही पुण्याभोवती पाहिलं असेल, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे ते राहून जाण्यामागे दोन युद्धं आणि एक सरहद्द आहे.

मी बरीच वर्षं या शहरात मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या मंडळींना फिरवतो. रामात राखेलला उतरलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: “अहो, इथे शेती कुठाय?” शेतीच पाहायची असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यासाठी दक्षिणेच्या नेगेव वाळवंटात जा, नाहीतर यार्देन (जॉर्डन) नदीच्या खोऱ्यात. ठिबक सिंचनाला व्यापारी रूप मिळालं ते नेगेवातल्या हात्झेरीम किबुत्झात, १९६५ साली. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये ज्या नानदान कंपनीत भागीदारी घेतली, ती नआन किबुत्झची. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं किबुत्झशी नातं त्या बाजूने आहे. रामात राखेल वेगळ्या वाणाचा. ही टेकडी मातीवर कधीच जगली नाही. तिला जगवलं ते तिच्या जागेने: जेरुसलेमच्या बाहेर, पण पायी तासाभराच्या आत, डोंगराच्या धारेवर, हेब्रोनकडे जाणाऱ्या वाटेशेजारी. इथे जे जे आले, त्यांना हेच हवं होतं.

अलीकडचा इतिहास आधी घेतो, कारण हॉटेलात लावलेल्या जुन्या फोटोंसमोर उभं राहिलं की प्रश्न तिथूनच सुरू होतात.

१९२० साली ‘गदूद हा-अवोदा’ म्हणजे श्रमपथक उभं राहिलं. रशियातून आलेली तरुण पोरंपोरी, देशभर एकच सामायिक तिजोरी, मिळेल ते काम: रस्ते फोडणं, दलदल उपसणं, घरं बांधणं. एन हारोदसारख्या वसाहती याच पथकाने १९२१ मध्ये उभारल्या. पथकाची एक तुकडी जेरुसलेमात राहिली आणि तिचं म्हणणं वेगळं होतं. गावाकडे जाऊन नांगर धरणारे पुष्कळ आहेत, आपण शहरातच अंगमेहनतीवर जगून दाखवू. त्या काळच्या जेरुसलेमात ज्यू वस्तीचा मोठा भाग धर्मशाळा, पाठशाळा आणि परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर चाले. तिथे पाथरवट, गवंडी आणि हमाल म्हणून उभं राहणं हेच या मंडळींचं राजकारण होतं. शहरात तंबू ठोकून राहिल्यावर १९२६ मध्ये त्यांनी दक्षिणेच्या या खडकाळ टेकडीवर मुक्काम हलवला. जागा जेमतेम ३० दुनाम, म्हणजे साडेसात एकर. इतक्या जमिनीत शेती काय होणार? दगड फोडणं, मालवाहतूक आणि बांधकाम यांवर पोट चाललं. पुढे शहरासाठी बेकरी आणि धुलाईकेंद्रही आलं. पाणी शहराच्या नळातून. एरवी किबुत्झ शहराला धान्य, दूध पुरवतो. इथे तो शहराला हात पुरवत होता.

नाव राखेलवरून. बायबलमधल्या याकोबची ही बायको बाळंतपणात वाटेत वारली आणि तिथेच तिला पुरलं, अशी परंपरा. ती कबर बेथलेहेमच्या वेशीवर आहे आणि टेकडीवरून त्या दिशेला उघडा मुलूख दिसायचा. रामात राखेल म्हणजे राखेलची उंची.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये देशभर दंगली उसळल्या. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या जमावाने वसाहत जाळून टाकली. पुढल्या वर्षी लोक परत आले आणि पुन्हा बांधलं.

१९४८ चं प्रकरण जास्त बिकट. ब्रिटिश निघून जाण्याच्या एक दिवस आधी, १३ मे रोजी, दक्षिणेकडचा कफार एत्झिओन हा किबुत्झ पडला आणि रामात राखेल दक्षिण जेरुसलेमचा शेवटचा उंबरठा उरला. दक्षिणेकडून अहमद अब्द अल-अझीझच्या हाताखालचे इजिप्तचे स्वयंसेवक आले, सोबत जॉर्डनच्या अरब लीजनची तुकडी. २१ ते २५ मे या दिवसांत किबुत्झ कितीदा हातातून गेला आणि परत आला, याची मोजणी वेगवेगळे लोक वेगवेगळी करतात. कोणी तीनदा म्हणतं, कोणी त्याहून जास्त. शेवटी तो इस्राएलकडे राहिला, पण राहिला तो ढिगारा. वाचकांनी एवढं लक्षात घ्यावं की ही टेकडी गेली असती तर तालपियोत ही शहराची दक्षिणेकडची वस्ती आणि पुढे थेट रेल्वे स्टेशनपर्यंतचा रस्ता उघडा होता. म्हणून इतक्याशा जागेसाठी इतकी माणसं मेली.

एप्रिल १९४९ च्या शस्त्रसंधीत रेघ अशी आखली गेली की किबुत्झ तीन बाजूंनी जॉर्डनने वेढलेलं, बोटासारखं पुढे आलेलं टोक झालं. रेघेपलीकडे सूर बाहेर हे गाव, मार एलियास मठ आणि बेथलेहेमचा रस्ता. पुढची १८ वर्षं सभासद सरहद्दीवर राहिले. २३ सप्टेंबर १९५६ ला पुरातत्त्व परिषदेसाठी जमलेले लोक इथलं उत्खनन पाहायला आले होते. समोरच्या जॉर्डनी चौकीवरून मशिनगन चालली. चार जण ठार, सोळा जखमी. जॉर्डनने सांगितलं की सैनिक वेडाच्या भरात होता. दोन दिवसांनी इस्राएलने बेथलेहेमच्या पश्चिमेला हुसान इथे प्रतिहल्ला केला. उत्खननाच्या जागेवर फिरताना प्राचीन भिंतींच्या मधूनच सैनिकी चर गेलेले दिसतील ते या काळातले. ‘हा कोणत्या राजाचा भुयारी मार्ग?’ असं मला अनेकदा विचारलं जातं. राजा वगैरे काही नाही, साधा खंदक आहे.

जून १९६७ मध्ये सरहद्द एका आठवड्यात पूर्वेला सरकली आणि रामात राखेलचं काठावरचं आयुष्य संपलं, असं त्या वेळी वाटलं. झालं उलटंच. सैन्याचा काठ गेला आणि शहराचा काठ आला. अतिथीगृहाचं हॉटेल झालं, पोहण्याचा तलाव झाला, खेळाची मैदानं आणि सभागृहं झाली. चेरीच्या बागा आहेत, त्यांचा हंगाम मेच्या अखेरीपासून जूनपर्यंत. तेवढ्यात येत असाल तर चौकशी करा. बाकी पैसा येतो तो शहरातून पोहायला, लग्नाला आणि परिषदेला येणाऱ्यांकडून. म्हणजे शंभर वर्षांनीही धंदा तोच, शहराला सेवा विकण्याचा.

“मग सगळं सामायिक आहे का अजून?” हाही प्रश्न येतोच. देशात सुमारे २७० किबुत्झ आहेत. १९८० च्या दशकात महागाई आणि कर्जांनी त्यांचं कंबरडं मोडलं आणि नंतर बहुतेकांनी कामाप्रमाणे वेगळा पगार देणं सुरू केलं. मुलांनी रात्री वेगळ्या घरात झोपायची पद्धत त्याआधीच मोडली होती. फोटोतला तो सामुदायिक भोजनकक्ष, तिथे रांगेत ताट घेऊन उभे असलेले सगळे समान, हे चित्र आता फार थोड्या ठिकाणी उरलंय.

खरा गुंता जमिनीचा आहे, आणि शहराच्या काठावर तो सगळ्यात टोकदार होतो. किबुत्झची जमीन किबुत्झच्या मालकीची नसते. ती सरकारी, भाडेपट्ट्याने दिलेली, शेतीसाठी. शहर वाढत वाढत कुंपणाला भिडलं की त्याच जमिनीवर घरं उठवायची परवानगी मिळते आणि भाव कितीतरी पटींनी चढतो. हा वाढावा कोणाचा? कष्टाने टेकडी राखणाऱ्यांचा, की सगळ्या देशाचा? २००२ मध्ये इस्राएलच्या उच्च न्यायालयाने शेतजमिनीवरच्या बांधकामातून पट्टेदारांना भरघोस हिस्सा देणारे सरकारी निर्णय रद्द केले. दावा लावला होता अरब आणि आशियाई देशांतून आलेल्या ज्यूंच्या एका संघटनेने. त्यांचं म्हणणं सोपं होतं: आमच्या आईवडिलांना दूरच्या नव्या गावांत सरकारी खोल्या दिल्या, त्यांनीही सरहद्दी राखल्या, त्यांना कुठे हिस्सा मिळाला? आमचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले मराठी ज्यू लोकही पन्नास-साठच्या दशकांत दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद अशाच ठिकाणी येऊन पडले, त्यामुळे या वादात माझं मन कुठे झुकतं हे लपवत नाही. पण १९४८ मध्ये इथे मेलेल्यांची यादी वाचल्यावर किबुत्झवाल्यांना नुसतं ‘जमीनदार’ म्हणून मोकळं होणंही मला जमत नाही.

आता टेकडीवरचं सर्वांत जुनं, आणि माझ्या मते सर्वांत पाहण्यासारखं. हॉटेलपासून चार पावलांवर उत्खनन आहे. बहुतेक पर्यटक नाश्ता करून बसमध्ये बसतात आणि ते न पाहताच जातात.

१९३०-३१ मध्ये इथे पहिल्यांदा थोडं खणलं गेलं. नंतर योहानान अहारोनी यांनी १९५४ मध्ये आणि पुन्हा १९५९ ते ६२ मध्ये मोठं काम केलं. २००५ ते २०१० या काळात तेल अवीव आणि हायडेलबर्ग विद्यापीठांनी मिळून, ओदेद लिपशित्स आणि मानफ्रेड ओमिंग यांच्या नेतृत्वाखाली, पुन्हा खोदलं. निघालं काय, तर यहूदाच्या राज्याच्या शेवटच्या काळातला, ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकातला राजवाडा. घडीव चिऱ्यांच्या भिंती, आणि खांबांवर दोन्ही बाजूंनी गुंडाळी घेतलेली दगडी शीर्षं. या धाटणीचं शीर्ष पाहायला संग्रहालयात जायची गरज नाही. खिशातलं ५ शेकेलचं नाणं काढून बघा, त्यावर तेच आहे.

राजाचा वाडा राजधानीत, जेरुसलेमात, असताना इथे दुसरा कशाला? उत्तर मडक्यांच्या कानांत आहे. दारू आणि तेल भरायच्या रांजणांचे शेकडो कान इथे सापडले, त्यांवर राजमुद्रेचे शिक्के. आधी ‘राजाचं’ असं सांगणारे, पुढे इराणी साम्राज्याच्या काळात ‘येहूद’ या प्रांतनावाचे. म्हणजे सारा इथे जमा होत होता. असुरी, बाबिलोनी, इराणी, मालक बदलले, वसुलीची कचेरी तीच राहिली. बाबिलोनी सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये जेरुसलेम जाळलं तेव्हाही ही जागा चालू राहिली, असं शेवटच्या उत्खननकारांचं मत आहे, आणि मला ते पटतं: शहराशी वैर असलं तरी सारा कोणाला नको असतो? बायबलमधलं ‘बेथ हाकेरेम’ म्हणजे द्राक्षमळ्याचं ठाणं ते हेच, असं अहारोनींनी मांडलं होतं.

पण मला स्वतःला आवडते ती बाग. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवरच्या या टेकडीला झरा नाही. पाणी फक्त पावसाचं. तिथे कोणीतरी खडक कापून हौद केले, पन्हळी केल्या, दुरून माती आणून पसरली आणि बाग लावली. पाणी नसलेल्या जागी पाणी खेळवून दाखवणं, यातच तिचा सगळा रुबाब. बागेत काय लावलं होतं हे कळलं ते हौदाच्या गिलाव्यावरून. गिलावा अधूनमधून नव्याने केला जायचा. झाडं फुलोऱ्यात असताना ओल्या चुन्यावर उडून आलेले परागकण चिकटले, वर पुढचा थर बसला, आणि कण आत अडीच हजार वर्षं बंद राहिले. तेल अवीव विद्यापीठाच्या दाफना लांगुत यांनी हे थर एकेक करून सोलले. बहुतेक थरांत काहीच नव्हतं. इराणी काळातल्या एका थरात मात्र लेबनॉनचा देवदार, अक्रोड, भूर्ज, मेंदीसारखं दिसणारं मर्टल, आणि एत्रोग.

एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ असतं ते. मूळचं ईशान्य भारताच्या बाजूचं, इराणमार्गे पश्चिमेला आलेलं. ज्यू लोक सुक्कोथच्या सणात जी चार झाडं हातात धरतात त्यांतलं हे एक, आणि या भागात त्याचा सर्वांत जुना पुरावा या टेकडीवरचा. सणाच्या आठवड्यात जेरुसलेमच्या बाजारात लोक भिंग लावून फळावर डाग आहे का ते तपासतात, देठ शाबूत आहे का बघतात आणि एका फळाला अव्वाच्या सव्वा पैसे मोजतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात येत असाल तर आईंना तो बाजार नक्की दाखवा. अलिबाग-पेणकडच्या आमच्या जुन्या लोकांना याचं कौतुक वाटत नसे, परसातलं फळ.

याच ढिगाऱ्यात रोमनांच्या दहाव्या पलटणीचे शिक्के असलेल्या विटा-कौलं, स्नानगृह, आणि पुढे बायझंटाइन काळातलं चर्चही आहे. हे वेगवेगळं ओळखायला माणूस बरोबर लागतो. एकट्याने पाहणार असाल तर हौद आणि पन्हळी तेवढ्या शांतपणे बघा, बाकीच्यात डोकं घालू नका.

दक्षिणेच्या कडेला उंच स्तंभांच्या डोक्यावर जिवंत ऑलिव्हची झाडं दिसतील. शिल्पकार रान मोरीन यांचं काम. मुळांना पाणी स्तंभाच्या आतून ठिबकने जातं. काहींना ते फार आवडतं. मला झाडाची कीव येते. पण तिथून दिसणारं दृश्य चुकवू नका. समोर बेथलेहेम, डावीकडे वाळवंटात कापलेल्या शंकूसारखा हेरोदियनचा डोंगर, हवा स्वच्छ असली तर मृत समुद्रापलीकडचे मोआबचे डोंगर. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून दुपारनंतर जा.

मधली दाट पांढरी वस्ती म्हणजे हार होमा. ती टेकडी पॅलेस्टिनींसाठी जबल अबू गुनैम. तिथे पाइनचं जंगल होतं. मार्च १९९७ मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हा संयुक्त राष्ट्रांपर्यंत वाद गेला, कारण जागा १९४९ च्या त्याच रेघेपलीकडची. आज तिथे शाळा, दुकानं, हजारो लोक. पूर्वेला सूर बाहेर आणि उम्म तूबा ही पॅलेस्टिनी गावं. तीही महापालिकेच्या हद्दीत धरली गेली आहेत, पण रहिवासी बहुतांशी इस्राएलचे नागरिक नाहीत, कायम निवासी आहेत. आणि दूर सापासारखी गेलेली करड्या रंगाची रेघ म्हणजे विभाजन भिंत. एका ओट्यावर उभं राहून हे सगळं एकदम दिसतं. माझ्या टूरवर मी इथे दहा मिनिटं बोलतो आणि मग लोकांना आपापसांत वाद घालू देतो.

चालत जाण्यासारखं म्हणाल तर हेब्रोन रस्त्यावर दोन जागा. एक कथिस्मा चर्चचे अवशेष. १९९२ मध्ये रस्ता रुंद करताना बुलडोझरखाली सापडले. पाचव्या शतकातलं अष्टकोनी चर्च, मधोमध खडक. गरोदर मरिया बेथलेहेमला जाताना या खडकावर टेकली अशी श्रद्धा. जुन्या शहरातल्या सोनेरी घुमटाची अष्टकोनी मांडणी इथून सुचली असावी असं अनेक अभ्यासक मानतात. मोझेक मात्र जपण्यासाठी वाळूखाली झाकलेलं असतं, तेव्हा ऑलिव्हच्या झाडांत पायाच्या भिंती पाहायच्या एवढंच. दुसरी जागा मार एलियास, ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ. संदेष्टा एलिया राणीच्या भयाने पळताना इथे विसावला म्हणतात. आम्ही कोकणातले बेने इस्राएल याच एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो: पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, वर फळं. त्याच्या घोड्याच्या टापांची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्यात दाखवतात. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना मी इथे आणतो तेव्हा मठ ख्रिस्ती असूनही बायका पदर डोक्यावर घेतात.

उत्तरेला तालपियोतमध्ये भारतीय सैनिकांची स्मशानभूमी आहे. पहिल्या महायुद्धात जेरुसलेम ब्रिटिशांकडे आल्यानंतर १९१८ ते १९२० मध्ये इथे ७९ भारतीय सैनिकांना विसावा मिळाला. दहा मिनिटं काढा. त्याच बाजूला अर्नोनात अमेरिकेचं दूतावास आहे, १४ मे २०१८ ला उघडलेलं; तिथे फोटो काढू नका, उगाच चौकशीत वेळ जातो. आणखी पुढे हास प्रोमेनेड या फिरायच्या वाटेवरून जुन्या शहराचं उत्तम दृश्य दिसतं, पण आई-बाबांना तिथवर चालवू नका, टॅक्सी करा.

राखेलची कबर पाहायची असेल तर तीही चालत होत नाही. किबुत्झवरून ती दोन-अडीच किलोमीटरच, पण आता सर्व बाजूंनी उंच काँक्रीटच्या भिंतीत आहे आणि वाहनानेच आत जावं लागतं. बेथलेहेमला जायचं असेल तर तो वेगळा फेरा, चेकनाका ओलांडून. तुमच्या इस्राएलच्या व्हिसावर परत आत येता येतं ना, हे टूरवाल्यांकडून आधीच पक्कं करा आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका.

जेवणाचं सांगायचं राहिलं. हॉटेल कोशेर आहे, म्हणजे दूध आणि मांस एकत्र येत नाही. सकाळचा नाश्ता दुधाचा, त्यामुळे शाकाहारी माणसाची चंगळ: चीज, दही, सॅलड, अंडी. रात्री मांसाचं जेवण असलं की दही किंवा दुधाचा चहा मागून मिळणार नाही. बाबांना चहा लागत असेल तर खोलीतली किटली आणि दूध पावडर बरोबर ठेवा. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी रात्रीपर्यंत बस बंद. तो दिवस टेकडीसाठीच राखा: सकाळी उत्खनन, दुपारी झोप, चारनंतर ऑलिव्हच्या स्तंभांकडे. बूट घट्ट घाला, चुनखडीच्या पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत.